आभाराची तीन मिनिटं

नालवाडी, वर्धा
सोमवार, ता. ९ डिसेंबर १९५७

सौ. कोकिळा हिस,

शरयूचा सप्रेम नमस्कार. अर्थात तो तुझ्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल. तुझ्या मागच्या पत्रावरून कळलं की घरी आलेलं प्रत्येक पत्र आधी तुझे मामंजी फोडतात, ओसरीवर बसून मोठ्यानं वाचतात, सासूबाई तुरीच्या शेंगा सोलता सोलता ऐकतात आणि मग ते तुझ्या हाती येतं. तेव्हा रांग मोडायला नको. तीर्थरूप अण्णाजींना शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? समुद्रपूरकडे थंडी वर्ध्यापेक्षा जास्त असं ऐकते, तरी सकाळी दव असताना शेतावर जाऊ नये अशी विनंती. तीर्थस्वरूप भागीरथाबाईंना नमस्कार. श्री. मधुकररावांना नमस्कार (तहसील कचेरीत त्यांचं काम वाढलं असेल, नवं राज्य झाल्यापासून जुने फॉर्म संपले आणि नवे अजून छापून आले नाहीत, अशी इथल्याही कचेऱ्यांची तक्रार आहे). अण्णाजींना माझी आठवण नसेल तर सांगते. मी शरयू पिंपळखुटे. तुमच्या सूनबाईंबरोबर नागपूरला एम. ए.ला होते, विषय तत्त्वज्ञान. वर्गात एकोणीस मुलं आणि आम्ही दोघी. निकालात ती पहिली, मी दुसरी, आणि एकोणीस जण आमच्या मागे. लग्नात हिरवं लुगडं नेसून जिलबी वाढणारी आणि आपल्याला तीनदा आग्रह करणारी मुलगी मीच.

आता कोकिळे, तू विचारलंस की कॉलेजची नोकरी कशी चालली आहे. सविस्तर लिहिते, म्हणजे तुला हेवा वाटायचं कारण उरणार नाही. जूनमध्ये मला नेमणुकीचा हुकूम आला त्यात सहा कलमं होती. पहिलं, मुलींच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील. दुसरं, त्या खोलीच्या खिडकीला पडदा आहे की नाही हे रोज पाहावं. तिसरं, मुलींना मुलांशी बोलण्याचे प्रसंग येणार नाहीत अशी दक्षता घ्यावी. चौथं, स्नेहसंमेलनासाठी स्वागतगीत बसवावं (मला गाता येत नाही हे आपल्या होस्टेलच्या भिंतींनासुद्धा माहीत आहे). पाचवं, पाहुण्यांच्या चहापाण्याकडे लक्ष द्यावं. सहावं कलम 'तसेच' या शब्दानं सुरू होत होतं, आणि त्या 'तसेच'च्या पुढे तत्त्वज्ञानाचे आठवड्याला बारा तास होते.

खात्यात आम्ही दोघं. प्रमुख आहेत प्राध्यापक कृष्णकांतराव. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे ते तसे वाटतील. अंगात खादीचा बंद गळ्याचा कोट, बोलणं मृदू, आणि कोणालाही माझी ओळख करून देताना 'या आमच्या खात्याची शोभा' असं म्हणतात. (कॉलेजच्या दारात एक कारंजं आहे, त्याचीही ओळख ते याच शब्दांत करून देतात.) त्यांनी पहिल्या दिवशीच मला समजावलं की तर्कशास्त्र ते स्वतः शिकवतील, कारण स्त्रियांना तो विषय रुक्ष वाटतो, मी नीतिशास्त्र घ्यावं. मग वेळापत्रक लागलं आणि तर्कशास्त्राचा तास सकाळी आठला आला. सकाळी आठ ही वेळ कृष्णकांतरावांच्या पोटाला मानवत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून तर्कशास्त्र मला रुक्ष वाटेनासं झालं.

इथली पद्धत तुला माहीत आहे, नागपूरसारखीच. मुली आपल्या खोलीत थांबतात, प्राध्यापक व्हरांड्यातून निघाले की त्यांच्या मागोमाग वर्गात शिरतात आणि तास संपला की त्यांच्याच मागोमाग बाहेर पडतात. माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात मुलगी एकच, नलू. केळझरच्या रूपरावांची मुलगी, वडील शेतकरी, वर्ध्यात आपल्या आत्याकडे राहते. ती आत्या म्हणजे माझ्या घरमालकीण आनंदाबाई, त्यामुळे नलू आणि मी एकाच घरात, मध्ये एक भिंत. पहिल्या दिवशी मी मुलींच्या खोलीतून निघाले, माझ्या मागून नलू. मुलं सवयीनं उठून उभी राहिली, दोन बायका आत आल्याचं त्यांनी पाहिलं, आणि दाराकडे बघत तशीच उभी राहिली. मी म्हटलं, बसा. कोणी बसेना. मागच्या बाकावरून एकजण अदबीनं म्हणाला की सर आल्यावर बसू. तेवढ्यात नत्थूजी शिपाई हजेरीबुक घेऊन आला. ते त्यानं माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि दारातच थांबला.

"बाई, सर कुठं राह्यले?"

"सर मीच."

"ते ठीक आहे," नत्थूजी म्हणाला, "पण शिकवणार कोण?"

मी फळ्यावर लिहिलं, 'सर्व प्राध्यापक पुरुष असतात', आणि वर्गाला विचारलं की हे विधान खोटं ठरवायला किती उदाहरणं लागतात. मुलं विचारात पडली. नलूनं एक बोट वर केलं. मग सगळी खाली बसली, आणि नत्थूजीही समाधानानं निघून गेला (त्याला फक्त तास रिकामा जाणार नाही एवढी खात्री हवी होती). तेव्हापासून वर्ग बरा चालला आहे. नलूचं अक्षर गिचमिड, लुगड्याच्या पदराला नेहमी शाई, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर ती दोन दिवसांनी भांडी घासताना भिंतीपलीकडून मला हाक मारून पुन्हा विचारते.

ऑक्टोबरात कृष्णकांतरावांना एक प्रश्न पडला. तत्त्वज्ञानाच्या प्रांतात स्त्रिया मागे का? अगदी मनापासून पडला. स्टाफरूममध्ये चहा घेताना त्यांनी तो बोलून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. यावर मोठा परिसंवाद घ्यावा, बाहेरगावचे विद्वान बोलवावेत असं ठरलं. ता. १७ नोव्हेंबर, रविवार. पाच वक्ते निश्चित झाले. यादी पाहून मी विचारलं, सर, यांत एखादी बाई नको का? ते माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले, वर्गात कोणी भाबडी शंका विचारली की बघतात तसे. "अहो शरयूबाई, स्त्रिया या विषयात नाहीत हाच तर आपला विषय आहे. मग वक्ता आणायची कुठून?" तेव्हा मला तू आठवलीस. (तुला यावर उत्तर सुचलं असतं. तोंडी परीक्षेत त्या मद्रासच्या परीक्षकांनी तुला विचारलं होतं की मुलीच्या जातीला सत्-असत्‌चा विचार कशाला हवा, तेव्हा तू शांतपणे म्हणालीस की प्रश्न प्रश्नपत्रिकेत कोणत्या विभागात मोडतो ते सांगा, म्हणजे त्याप्रमाणे उत्तर देते. अण्णाजी, ही गोष्ट तिनं घरी सांगितली नसेल.) कृष्णकांतराव पुढे म्हणाले, "आणि कार्यक्रमात तुम्ही आहातच. आभार तुमच्याकडे. तीन मिनिटं."

तर आभारांखेरीज माझ्याकडे रांगोळी, सुताचे हार, सुपारीचं तबक आणि चहा. सभागृहात साडेतीनशे खुर्च्या, त्यांतली उजवीकडची एक ओळ 'स्त्रियांसाठी राखीव' अशी पाटी लावलेली, आणि तीही भरेल की नाही याची प्राचार्यांना काळजी. म्हणून आनंदाबाई नालवाडीतल्या सात बायकांना घेऊन आल्या. नलूचे वडील रूपराव मुलीचं कॉलेज पाहायचं म्हणून केळझरहून सकाळच्या मोटारीनं आले, धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, आणि मागच्या दाराशी उभे राहिले. बसा म्हटलं तर म्हणाले, "उभ्यानं चांगलं दिसते."

नागपूरचे मुख्य पाहुणे आलेच नाहीत. गाडी चुकली अशी तार आली, ती कृष्णकांतरावांनी अध्यक्षस्थानावरून वाचून दाखवली आणि तिलाही टाळ्या पडल्या. राहिले चार. पहिले बंडोपंत वकील. त्यांनी सांगितलं की त्यांच्या संग्रही तत्त्वज्ञानाची दोनशे चौदा पुस्तकं आहेत, सगळी त्यांनी पाहिली, पण लेखकांमध्ये एकही स्त्री आढळली नाही. त्यावरून स्त्रियांना हा विषय जमत नाही हे उघड होतं. दुसरे एक वैद्य. त्यांनी मेंदूचं वजन काढलं. पुरुषाचा मेंदू इतका, स्त्रीचा त्याहून पाच औंस कमी, असं विलायतेत मोजून सिद्ध झालं आहे म्हणाले. तेव्हा आमच्या राखीव ओळीतून आनंदाबाईंचा आवाज आला. त्यांनी तो खालच्या पट्टीत काढला होता, पण आनंदाबाईंची खालची पट्टी म्हणजे बाजारातली मधली.

"वैद्यबुवा, ते मोजलं ते जित्या बाईचं का मेलेल्या?"

वैद्य म्हणाले, अर्थात मृत.

"मंग बरोबर आहे," आनंदाबाई शेजारणीला म्हणाल्या. "मेल्यावर कोण इचार करते."

तिसऱ्या वक्त्यांनी प्राचीन काळच्या त्या दोन विदुषींची कथा सांगितली (कोणत्या ते लिहीत नाही; अशा प्रत्येक भाषणात त्याच दोघी येतात, बिचाऱ्यांना अडीच हजार वर्षांत एक दिवस सुट्टी मिळालेली नाही). त्या दोघी होऊन गेल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न तेव्हाच सुटला आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांना चाळीस मिनिटं लागली. चौथे होते एक निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, स्त्रियांनी काही लिहिलं असेलही, पण संपादक मंडळी जाणकार असतात; ज्यांना विषय जमत नाही त्यांचं लिखाण ती ग्रंथात घेत नाहीत, आणि स्त्रियांना विषय जमत नाही हे तर पहिल्या वक्त्यांनी दाखवलंच आहे.

मग प्रश्न. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत, खाली नाव घालू नये, म्हणजे कोणाला संकोच वाटणार नाही, ही सूचना कृष्णकांतरावांचीच. पहिल्या दोन चिठ्ठ्यांत पंखा लावा आणि मागे ऐकू येत नाही एवढंच होतं. तिसरी त्यांनी मोठ्यानं वाचली. तिच्यात लिहिलं होतं: 'पुस्तकांत स्त्रिया नाहीत म्हणून त्यांना विषय जमत नाही, असं पहिले वक्ते म्हणाले. विषय जमत नाही म्हणून त्यांना पुस्तकांत घेत नाहीत, असं चौथे वक्ते म्हणाले. पहिल्याला चौथ्याचा आधार, चौथ्याला पहिल्याचा. मग दोघांना आधार कशाचा? हा अन्योन्याश्रय दोष होत नाही का?'

कृष्णकांतरावांचा चेहरा खरोखर उजळला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली. म्हणाले, वीस वर्षांच्या अध्यापनात इतका नेमका प्रश्न क्वचित ऐकला. हा विद्यार्थी पुढे नाव काढील. संकोच न करता त्यानं उभं राहावं.

राखीव ओळीतून नलू उभी राहिली.

कृष्णकांतरावांनी मुलांच्या बाजूला पाहिलं, बहुधा आणखी कोणी उठेल म्हणून. मग तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत ते. उलट फार गोड आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "छान. आणि हे तुला लिहून कोणी दिलं, बाळ?"

साडेतीनशे माणसांनी आधी नलूकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी व्यासपीठाच्या पायरीशी सुपारीचं तबक धरून उभी होते. कोकिळे, तुला खोटं लिहिणार नाही. मी काही बोलले नाही. मी तो प्रश्न त्या क्षणापर्यंत पाहिलासुद्धा नव्हता, तेवढं एक वाक्य म्हणायला काय लागत होतं? पण माझी नोकरी अजून कायम नाही, आणि प्राचार्य पुढच्या रांगेत होते. नलू म्हणाली, "कोणी नाही सर, मीच लिहिलं," पण तिचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही. वकीलसाहेब हसले. मागे दाराकडे माझी नजर गेली तर रूपरावांनी मान खाली घातली होती. ते मला अजून विसरता येत नाही.

नंतर आभार. उशीर झाल्यामुळे माझ्या तीन मिनिटांचं एक मिनिट करण्यात आलं. मी वक्त्यांचे आभार मानले, हार करणाऱ्यांचे मानले, तारेचे मानले. मग कागदावर नसलेलं एक वाक्य तोंडातून गेलं. मी म्हटलं, कुमारी नलू हिचेही आभार; प्रश्न तिचाच आहे, मीही तो आत्ताच ऐकला; तो कोणी लिहून दिला याची चौकशी झाली, उत्तर मात्र वेळेअभावी राहिलं, ते मान्यवरांनी सवडीनं द्यावं. एवढंच. पुढच्या दोन ओळी कशा म्हटल्या ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांची लेखी समज आली: 'आभारप्रदर्शनात केवळ आभार मानावेत.' ती मी जपून ठेवली आहे. वाक्य म्हणून निर्दोष आहे.

त्या संध्याकाळी रूपराव आनंदाबाईंच्या अंगणात बसले. नलूची वळकटी बांधून झाली होती, कारण तिला ते परत न्यायला निघाले होते. मी समोर गेले. त्यांनी मला एकच विचारलं.

"बाई, माही पोरगी खोटी बोलली काय?"

"नाही. प्रश्न तिनंच लिहिला."

"मंग त्या सरानं तसं काऊन इचारलं?"

मी म्हटलं, मुलींना असं सुचतं हे त्यांनी कधी पाहिलं नाही. आनंदाबाई मधे बोलायला लागल्या तेव्हा रूपरावांनी त्यांना हातानं थांबवलं. मग म्हणाले, "पाह्यलं नाई, तं दाखवू. उद्या थांबतो मी."

सोमवारी अकराला स्टाफरूमचं दार उघडलं आणि रूपराव नलूला घेऊन आत आले. मागून नत्थूजी, 'आत जाता येत नाई' असं म्हणत, पण त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन. आठ प्राध्यापक चहा पीत होते. रूपरावांनी सगळ्यांना रामराम केला, कृष्णकांतरावांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सर, हे आता इथंच लिहील. तुमच्यासमोर. काल कोणी लिहून देल्लं म्हनत होते ना, आज कोणी जवळ नाई. मी हावो, पण मले लिवता येत नाई."

कृष्णकांतराव म्हणाले, अहो, तसा काही माझा हेतू नव्हता. रूपराव म्हणाले, नसन. पोरगी, लिही. नलूनं टेबलावरचा कागद ओढला. स्टाफरूममध्ये चहाचे पेले तसेच राहिले. तिनं पाच मिनिटं लिहिलं, शाई पदराला पुसली आणि कागद सरांपुढे केला. त्यांनी वाचला, आणि पुन्हा वाचला.

"हा तर कालचाच प्रश्न."

"हो सर," नलू म्हणाली. "बाबा म्हणाले नवा लिही. पण कालच्याचं उत्तर मिळालं नाही, म्हणून तोच लिहिला."

स्टाफरूममध्ये पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते संस्कृतचे म्हातारे प्राध्यापक, मग बाकीचे. कृष्णकांतराव हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले की याचा विचार करावा लागेल. रूपराव उठले. जाताना मला म्हणाले, "वळकटी सोडाले सांगा बहिणीले." एवढं बोलून दुपारच्या मोटारीनं केळझरला गेले.

आता शेवटची गंमत. वर्तमानपत्रात परिसंवादाची मोठी बातमी आली ('महिलांच्या प्रश्नावर विद्वानांची साधकबाधक चर्चा', खाली चार वक्त्यांचा फोटो, कोपऱ्यात माझा हात आणि तबक). ती वाचून नागपूरच्या एका संस्थेनं स्त्रिया तत्त्वज्ञानाकडे का वळत नाहीत याचा शोध घेण्यासाठी समिती नेमली. सभासद सात, सातही पुरुष, आणि अध्यक्ष कृष्णकांतराव. जानेवारी ते मार्च ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणार, स्त्रिया शोधणार. परवा मला म्हणाले की नलूचा कागद समितीपुढे पहिला ठेवणार आहेत. नाव घालून ठेवा, एवढं मी म्हटलं. थोडं थांबून 'हो' म्हणाले. मला वाटतं ठेवतील.

तर असं आहे. पडद्याची तपासणी, चहा, स्वागतगीत आणि आता कृष्णकांतरावांचेही तास. तू घरी सुखात आहेस. तिथंच राहा आणि माझी कीव कर.

तुझी,
शरयू

ता. क. आनंदाबाईंनी भागीरथाबाईंना विचारलं आहे की सोल्यांच्या (ओल्या तुरीच्या दाण्यांच्या) आमटीला त्या मसाला वाटून घालतात की नुसता लसूण. आमच्याकडे यावरून दोन दिवस बोलणं बंद आहे.

आणखी ता. क. कृष्णकांतरावांच्या जागी तीन महिन्यांसाठी माणूस हवा आहे. जाहिरात दिली, कोणी आलं नाही. तीन महिन्यांसाठी वर्ध्याला कोण येतो. मी प्राचार्यांना म्हटलं की याच जिल्ह्यात नागपूर विद्यापीठात पहिली आलेली एक एम. ए. आहे. ते खूश झाले, मग नाव ऐकून म्हणाले, "पण मग खात्यात दोन्ही बायकाच होतील." मी म्हटलं, मी येईपर्यंत दोन्ही पुरुषच होते. "ते वेगळं," ते म्हणाले. मी विचारलं, कसं? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "ते लक्षात येत नाही." पण अर्ज पाठवायला सांगितलं आहे. सोबत कोरा अर्ज आहे, मुदत ता. २४. राहायला माझी खोली आहे, भिंतीपलीकडे नलू आहे. दर शनिवारी मोटारीनं घरी जाता येईल.

तिसरा ता. क. तीर्थरूप अण्णाजी, पाकिटावर नाव कोकिळेचं आहे, पण आधी आपण वाचणार हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र खरं म्हणजे आपल्यालाच लिहिलं. क्षमा असावी. ती स्वतः कधीच विचारणार नाही. तिच्या प्रत्येक पत्रात चार पानं घरची असतात, सगळी आनंदाची, आणि अगदी शेवटी एक ओळ: 'सध्या वर्गात काय शिकवतेस, जरा सविस्तर लिही.' मी आजवर सविस्तर लिहिलं नाही. मला धीर झाला नाही.

(पाठकोऱ्या पानावर, दुसऱ्या अक्षरात)

समुद्रपूर, ता. १२ डिसेंबर

चि. सौ. कोकिळा हिस अण्णाजीचे आशीर्वाद. तू आर्वीले माहेरी गेल्यावर हे पत्र आलं. मीच फोडलं. ओसरीवर वाचाले बसलो अन् तिसऱ्या पानावर आवाज बंद करून मनातल्या मनात वाचून राह्यलो, तं तुही सासू म्हणे, काऊन थांबले? मंग पह्यल्यापासून मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं.

तू पह्यली आलती हे आमाले कोणी सांगतलं नाई. तुह्या बापानं लग्नात फक्त एम. ए. म्हटलं. मी समजलो पोरगी शिकेल आहे, घरचा पत्रव्यवहार पाहील.

तुही सासू म्हणे, तीन महिने मधुकरच्या जेवणाचं काय? मंग तीच म्हणे, लग्नाच्या आधी तो काही उपाशी नव्हता. मधुकर म्हणे, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, कचेरीत इचार अन् लेखी घेऊन ये. तेव्हापासून तो काही बोलला नाई. आमटीत मसाला नाई, नुसता लसूण, असं शरयूले कळव.

पत्र तुह्याकडे धाडून राह्यलो, अर्ज माह्याजवळ ठेवला. सही तुही लागते. सोमवारी मी आर्वीले येतो, तयार राह्यजो, तिथूनच वर्ध्याले जाऊ. गुडघा बरा आहे.

माळ्यावरची तुही पेटी उतरवली. उंदरानं एक कोपरा खाल्ला, बाकी पुस्तकं साबूत आहेत. वरच तुह्या हातची वही होती. चार पानं वाचले, समजले नाई. ते वही संग घेऊन येतो. मोटारीत मले समजावून सांगजो.